फासा कुणाच्या हाती

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वाहणारी वर्धा नदी वरच्या अंगाला, अमरावती जिल्ह्यात, कौंडिण्यपुराच्या काठाने येते. विदर्भाच्या भीमराजाची, म्हणजे दमयंतीच्या वडिलांची राजधानी कुंडिनपूर ते हेच, अशी परंपरा आहे. याच गावाकडे निघालेल्या रथात वनपर्वातल्या नलोपाख्यानाचा सगळ्यात विलक्षण प्रसंग घडतो. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण वाटेतल्या एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याची पाने आणि फळे किती, हे झाडावर न चढता सांगतो, आणि मग बाहुक झालेल्या नळाला अक्षहृदय, म्हणजे फाशांच्या अंतरंगाची विद्या, शिकवतो. झाड बेहड्याचे असणे अगदी स्वाभाविक आहे, कारण वैदिक काळापासून जुगाराचे फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरली जात. यवतमाळच्या सागवानी जंगलात हे झाड आजही आहे, फक्त त्याचे फळ आता त्रिफळा चूर्णात जाते. संभाव्यतेच्या कल्पनेचा इतिहास लिहिणाऱ्या इयन हॅकिंग यांनी 1975 च्या आपल्या ग्रंथात ऋतुपर्णाच्या या गोष्टीची आवर्जून दखल घेतली, ती त्यातल्या मोजणीसाठी. पण महाभारतात द्यूताविषयी आणखी एक प्रश्न आहे, आणि माझ्या मते तो मोजणीहून मोठा आहे. सभापर्वात दुर्योधन म्हणतो की पण माझा, पण फासे शकुनिमामा टाकील. एकाने दुसऱ्यासाठी खेळणे बरोबर नाही, अशी हरकत युधिष्ठिर तिथल्या तिथे घेतो, आणि तरीही खेळायला बसतो. पुढे द्रौपदी पणाला लागते. जिच्या आयुष्याचा निकाल लागायचा तिच्या हातात एकदाही फासा येत नाही.

फासा कुणी टाकायचा, हा प्रश्न विसाव्या शतकात अमेरिकेतल्या एका खेळाने नियमांच्या भाषेत मांडला. त्या खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. पुण्या-मुंबईपासून लहान शहरांपर्यंत आज जिथे जिथे टेबलाभोवती बसून भूमिका घेऊन खेळायचे खेळ पोचले आहेत, तिथे त्यांचा मूळपुरुष हाच. चार-पाच जण योद्धा, मांत्रिक, चोर अशा भूमिका घेतात. एक जण ‘डंजन मास्टर’ होऊन कथा पुढे नेतो आणि राक्षसांच्या बाजूने खेळतो. कुणी तलवार चालवली तर वीस बाजूंचा फासा हल्ला करणारा टाकतो. त्याला ‘अटॅक रोल’ म्हणतात. समोरच्याच्या चिलखताचा आकडा, म्हणजे ‘आर्मर क्लास’, गाठला की वार लागला. पण मांत्रिकाने आगीचा गोळा फेकला, की फासा त्याच्या हातातून निघून जातो. ज्याच्या अंगावर आग येते आहे त्याने तो टाकायचा आणि ठराविक आकडा गाठून स्वतःला वाचवायचे. हा ‘सेव्हिंग थ्रो’. एकाच खेळात, एकाच लढाईत निकालाच्या या दोन उलट पद्धती का असाव्यात? हिशेबाच्या दृष्टीने एक पुरे, आणि तशी दुरुस्ती करून पाहिलीही गेली. ती टिकली नाही. ती का टिकली नाही याचे उत्तर संभाव्यतेच्या कोष्टकात सापडत नाही, ते फासा टाकणाऱ्या हातात आहे, असे या इतिहासावरून दिसते.

सुरुवात लष्करी सरावापासून करावी लागते. प्रशियाच्या सैन्यातला अधिकारी गेओर्ग फॉन राइसविट्झ याने 1824 मध्ये वडिलांचा युद्धखेळ सुधारून छापला. त्यात नकाशावर तुकड्या हलवणारे दोन पक्ष असत, पण फासा टाकून कोष्टकातून हानी काढण्याचे काम तटस्थ पंचाचे असे. म्हणजे फासा मारणाऱ्याच्या हातात नव्हता आणि मरणाऱ्याच्याही नव्हता. लष्करी शिक्षणात ते योग्यच होते, कारण तिथे अधिकाऱ्याने निर्णय घ्यायला शिकावे अशी अपेक्षा होती, नशीब आजमावायला नव्हे. हौशी मंडळींच्या हातात हा खेळ आला तेव्हा मात्र पंच दरवेळी मिळेना, आणि फासा खेळाडूंकडे आला. इंग्लंडमध्ये टोनी बाथ यांनी 1950 च्या दशकात प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांचे नियम रचले. या खेळांचा सविस्तर इतिहास लिहिणारे जॉन पीटरसन बचावाच्या फाशाचा उगम तिथे शोधतात. हल्ला करणाऱ्याने आधी किती सैनिक पडले ते फाशाने ठरवायचे, मग ज्यांच्या अंगावर चिलखत आहे त्यांच्यासाठी समोरच्या खेळाडूने फासा टाकून काहींना परत उभे करायचे. डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या 1962 च्या ‘वॉर गेम्स’ या पुस्तकामुळे ही पद्धत दूरवर पोचली. ज्याचे शिशाचे सैनिक टेबलावर आडवे झाले आहेत त्याच्या हातात काही क्षणांसाठी फासा येणे, ही या पुढच्या सगळ्या घडामोडींची बीजावस्था होय.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावात गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 1971 मध्ये ‘चेनमेल’ नावाचे मध्ययुगीन लढायांचे नियम छापले. त्याच्या शेवटी चेटके, ड्रॅगन, अतिवीर यांची एक पुरवणी जोडलेली होती. तिच्यातला मांत्रिक लढाईत काय करतो हे नीट पाहिले पाहिजे. त्याच्या आगीच्या गोळ्याची व्याप्ती मोठ्या गोफणयंत्राच्या माऱ्याएवढी आणि विजेच्या लोळाची व्याप्ती जड तोफेच्या माऱ्याएवढी धरली होती. म्हणजे मंत्र हा तोफखान्याचा वंशज होता. तोफगोळा एकेका सैनिकावर नेम धरत नाही, तो एका जागेवर पडतो आणि त्या जागेवरचे सगळे मरतात. म्हणून तिथे एकेकासाठी हल्ल्याचा फासा टाकण्याचा प्रश्नच येत नव्हता. ड्रॅगनच्या आगीचेही तसेच, ती ज्याला लागेल तो मेला. अपवाद दुसरा ड्रॅगन, अतिवीर आणि मांत्रिक यांचा. त्यांनी दोन साधे फासे टाकून 7 किंवा जास्त आणले तर ते वाचत. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी 21 त्यांच्या बाजूच्या, म्हणजे संधी निम्म्याहून थोडी जास्त. सामान्य शिपायाला हा हक्क नव्हता. मंत्राचा निकाल बळीच्या हाती आणि तलवारीचा निकाल मारणाऱ्याच्या हाती, ही विभागणी कुणी विचारपूर्वक तत्त्व म्हणून आखली नव्हती. तोफांच्या नियमांतून ती ओघाने आली. पण त्या अपवादात एक बीज होते. ज्याला नाव आहे, ज्याची गोष्ट चालू आहे, त्याला मरण्यापूर्वी एक संधी द्यायची.

मिनेसोटातले डेव्ह आर्नेसन यांनी याच सुमारास ‘ब्लॅकमूर’ नावाची एक मोहीम चालवली, जिच्यात प्रत्येक खेळाडू पलटण सोडून एकाच माणसाची भूमिका करू लागला. गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या कल्पना एकत्र आल्या आणि जानेवारी 1974 मध्ये तीन छोट्या पुस्तिकांच्या पेटीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर पडले. पहिली छपाई 1000 प्रतींची होती. आता टेबलावरचा प्रत्येक माणूस नाव असलेला होता, त्यामुळे चेनमेलमधला अतिवीरांचा अपवाद सगळ्यांचा नियम झाला. पुस्तिकेत दोन वेगळी कोष्टके होती. पहिले हल्ल्याचे. नवख्या योद्ध्याला वीस बाजूंच्या फाशावर उघड्या अंगाच्या शत्रूसाठी 10 लागत आणि पूर्ण चिलखत व ढाल असलेल्यासाठी 17. दुसरे बचावाचे. मृत्युकिरण किंवा विष, जादूच्या कांड्या, दगड होणे, ड्रॅगनचा श्वास, आणि दंड व मंत्र, अशी पाच संकटे. त्याच नवख्या योद्ध्याला त्यांच्यासाठी अनुक्रमे 12, 13, 14, 15 आणि 16 आणावे लागत. मंत्रासमोर त्याला वीसपैकी फक्त पाच बाजू अनुकूल. पण जसजसा तो अनुभवी होई तसतसे हे आकडे खाली येत. महत्त्वाची गोष्ट अशी की मंत्र टाकणारा किती थोर आहे याचा या कोष्टकाशी काही संबंध नव्हता. बळी किती मुरलेला आहे एवढेच पाहिले जाई.

दोन कोष्टकांच्या सीमेवर एक मंत्र अडकला, आणि त्याची कहाणी या दोन पद्धतींचे नाते इतर कशाहूनही नीट दाखवते. 1975 मध्ये गायगॅक्स आणि रॉब कुंट्झ यांची ‘ग्रेहॉक’ ही पुरवणी आली. तिच्यात ‘मॅजिक मिसाइल’ हा मंत्र होता. जादूच्या बाणासारखे एक अस्त्र, ज्याला लागेल त्याला 2 ते 7 इजा. पण लागेल की नाही हे कसे ठरवायचे? बाण म्हटले तर फासा मांत्रिकाने टाकायचा. मंत्र म्हटले तर बळीने. पुरवणीत याचा खुलासा नव्हता, आणि खेळणारे आपापल्या समजुतीने चालले. 1977 मध्ये मज्जाविकारतज्ज्ञ जे. एरिक होम्स यांनी नवशिक्यांसाठी नियमांची फेरमांडणी केली, तेव्हा त्यांनी तो बाण मानला, म्हणजे लांब धनुष्याच्या बाणासारखा फासा टाकायचा. पुढच्याच वर्षी गायगॅक्स यांच्या ‘अॅडव्हान्स्ड’ आवृत्तीत निर्णय तिसराच झाला. हा बाण चुकत नाही, आणि त्यापासून बचावही नाही. कुणीच फासा टाकायचा नाही. आजच्या नियमांतही हा मंत्र तसाच आहे. मात्र त्याची इजा नेहमी माफकच ठेवावी लागली. जिथे दोन्ही दारे काढून टाकली तिथे घाव लहान ठेवणे भाग पडले, कारण मोठा घाव आणि त्यापुढे कुणाच्याच हातात काही नाही, हे टेबलावर कुणाला सहन झाले नसते.

उलट टोकाला विष होते. विषारी कोळी चावायला आला तर आधी त्याच्या हल्ल्याचा फासा, आणि चावा बसला तर मग बळीचा बचावाचा फासा. निम्मी संधी पहिल्या दारात आणि निम्मी दुसऱ्यात धरली, तर मरणाची शक्यता चारात एक. दंश चुकला की मरण नाही म्हणून तेव्हा लेखक विष बिनदिक्कत प्राणघातक ठेवू शकत. स्पर्शाने लागू होणाऱ्या कित्येक मंत्रांचेही असेच, आधी हात लागला पाहिजे, मग बळीची बारी.

1979 च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये गायगॅक्स यांनी बचावाच्या फाशावरच्या सर्वांत कडक आक्षेपाला उत्तर दिले. आक्षेप असा की खडकाला साखळदंडाने जखडलेल्या माणसावर ड्रॅगनने आग ओकली तर तो वाचणार कसा? त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की शेवटच्या क्षणी त्याला खडकातली एखादी कपार सापडली असेल, साखळीचा दुवा तुटला असेल. फासा पडल्यावर कारण शोधा, कारण दिसत नाही म्हणून फासा नाकारू नका. नियमांच्या पुस्तकात अशी भूमिका क्वचितच मिळते. तिच्यामागे नुसती दया नव्हती, त्या काळच्या आकड्यांतही ती उतरली होती. त्या आवृत्तीत नवख्या योद्ध्याला मंत्रासमोर 17 लागत, म्हणजे वाचण्याची शक्यता 20 टक्के. सतराव्या पायरीवरच्या योद्ध्याला 6 पुरत, म्हणजे 75 टक्के. मांत्रिकाने जन्मभर तप करून सगळ्यात भयंकर मंत्र मिळवावा, आणि मुरलेल्या योद्ध्याने चारातून तीनदा तो झटकून टाकावा. जादूशिवाय लढणाऱ्याला या खेळात शेवटपर्यंत प्रतिष्ठा राहिली ती या कोष्टकामुळे.

1997 मध्ये मूळ कंपनी टीएसआर ही विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली, आणि 2000 मध्ये जोनाथन ट्वीट, मॉन्टी कुक व स्किप विल्यम्स यांची तिसरी आवृत्ती आली. तिची शिस्त वाखाणण्यासारखी होती. सगळीकडे एकच रीत, वीस बाजूंचा फासा अधिक आपली बेरीज, ठरलेला आकडा गाठा. पाच जुन्या संकटांऐवजी शरीराची चिवटता, अंगाची चपळाई आणि मनाचा निग्रह असे तीन बचाव आले. पण या शिस्तीत एक बदल हळूच आत शिरला. बचावाचा आकडा आता 10 अधिक मंत्राची पायरी अधिक मांत्रिकाच्या बुद्धीची बेरीज, असा ठरू लागला. सतराव्या पायरीचा, बुद्धी 22 असलेला मांत्रिक नवव्या पायरीचा मंत्र टाकतो तेव्हा आकडा होतो 25. त्याच पायरीच्या योद्ध्याच्या मनोनिग्रहाची बेरीज साधारण 6. जादूच्या वस्तू दोघांच्याही बाजूला ठेवल्या, तर त्याला 19 किंवा 20 च हवे, म्हणजे 10 टक्के. जिथे 75 होते तिथे 10. फासा हातात राहिला, पण हाताचे बळ गेले. मांत्रिक योद्ध्यांना झाकून टाकतात ही त्या आवृत्तीवरची तक्रार पुढे कायमची झाली. मंत्रांची रेलचेल हेही तिचे एक कारण होते, पण माझ्या मते या एका सूत्राचा त्यात मोठा वाटा आहे.

एकदा दोन्ही बाजूंची बेरीज एकाच साच्यात आल्यावर पुढचा विचार अटळ होता. बचावाचा फासा उलटा करून टाकला तर? 2004 च्या ‘अनअर्थ्ड आर्काना’मध्ये सगळे फासे खेळाडूंनीच टाकायचे, डंजन मास्टरने नाही, असा पर्यायी नियम आला. 2007 च्या ‘स्टार वॉर्स’ खेळाच्या ‘सागा’ आवृत्तीत बचावाचे फासे काढून स्थिर आकडे केले गेले. गायगॅक्स यांचे मार्च 2008 मध्ये निधन झाले, आणि त्यानंतर तीन महिन्यांनी रॉब हाइन्सू, अँडी कॉलिन्स व जेम्स वायट यांची चौथी आवृत्ती आली. तिच्यात चिवटता, चपळाई आणि निग्रह हे चिलखतासारखेच स्थिर आकडे झाले. तलवार असो वा मंत्र, फासा नेहमी हल्ला करणाऱ्याचाच. बचावाचा फासा नावापुरता उरला. विष किंवा गुंगी लागून गेल्यावर आपल्या पाळीच्या शेवटी टाकायचा, 10 किंवा जास्त आले तर सुटका, 55 टक्के, माणूस कितीही मुरलेला असो.

यात हरवले काहीच नाही, असे म्हणणारे हिशेब दाखवतात, आणि हिशेब बरोबर आहे. आजच्या नियमांचे उदाहरण घेऊ. मांत्रिकाची हल्ल्याची बेरीज 5 आहे, त्यामुळे त्याच्या मंत्राचा बचावाचा आकडा 13. समोरच्याची बेरीज शून्य असेल तर 1 ते 12 पडल्यास तो सापडला, 60 टक्के. आता फासा मांत्रिकाला द्या आणि समोरच्याला 14 चे चिलखत द्या. मांत्रिकाला 9 किंवा जास्त हवेत, म्हणजे वीसपैकी बारा बाजू, पुन्हा 60 टक्के. तसूभरही फरक नाही. मग वाद कशाचा? पहिले उत्तर नियमांतलेच आहे. हल्ल्याचा फासा चुकला की सहसा काहीच होत नाही, बचाव साधला तरी आगीची निम्मी इजा बसते. हल्ल्यात 20 पडले की इजेचे फासे दुप्पट होतात, बचावात 1 पडल्याने तसे होत नाही. पण खरे उत्तर टेबलावर आहे. हल्ल्याचा फासा हे कर्त्याचे कृत्य, आणि बचावाचा फासा हे भोगणाऱ्याचे. स्थिर आकड्यासमोर डंजन मास्टरने फासा टाकून ‘तुझा माणूस दगड झाला’ असे सांगणे, आणि तोच आकडा खेळाडूच्या स्वतःच्या हातून पडणे, यांत शक्यता सारखी असली तरी अनुभव एक नाही. दुसऱ्या बाबतीत त्याने शेवटपर्यंत झुंज दिलेली असते. युधिष्ठिराची हरकतही आकड्यांवर नव्हती. ती हातावर होती.

याच्या उलट आक्षेपही तितकाच सच्चा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. मांत्रिकाची भूमिका करणाऱ्याने तासभर जपून ठेवलेला मंत्र टाकावा आणि मग हात बांधून डंजन मास्टरचा फासा पाहत बसावे, हेही त्याच्यावर अन्यायाचेच. चौथी आवृत्ती नापसंत होण्याची कारणेही अनेक होती, केवळ बचावाचा फासा गेला म्हणून लोक दूर गेले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण 2009 मध्ये जुन्या पद्धतीवर उभ्या राहिलेल्या ‘पाथफाइंडर’कडे खूप खेळाडू वळले, आणि तिथे चिवटता, चपळाई, निग्रह यांचे फासे बळीच्याच हातात होते. 2012 पासून खेळाडूंना सोबत घेऊन चाचण्या करत माइक मर्ल्स आणि जेरेमी क्रॉफर्ड यांनी 2014 मध्ये पाचवी आवृत्ती आणली, तेव्हा तडजोड झाली. नेम धरायचे मंत्र, उदाहरणार्थ आगीचा बाण, मांत्रिक स्वतः फासा टाकून मारतो. पसरणारे, मनावर किंवा शरीरावर ताबा घेणारे मंत्र बळी आपल्या फाशाने झेलतो. ‘आइस नाइफ’सारख्या मंत्रात दोन्ही आहेत, बर्फाचा सुरा मांत्रिकाच्या फाशाने लागतो किंवा चुकतो, आणि तो फुटल्यावर जवळच्यांनी आपापला बचाव करायचा. दोन पद्धती एकमेकींत गुंतल्या आहेत त्या ‘होल्ड पर्सन’मध्ये. निग्रहाचा बचाव हुकला की माणूस जखडला जातो. मग त्याचे बळाचे आणि चपळाईचे बचाव आपोआप हुकतात, त्याच्यावर हल्ला करणारे दोन फासे टाकून मोठा घेतात, आणि हाताच्या अंतरावरून बसलेला प्रत्येक घाव दुप्पट फाशांचा होतो. फासा एकदा निसटला की बाकीचे सगळे शत्रूच्या हातात. म्हणूनच प्रत्येक पाळीच्या शेवटी त्याला पुन्हा बचावाचा फासा देण्याची तरतूद ठेवली आहे. 2024 च्या सुधारित नियमांतही ही वाटणी कायम आहे.

आता एक नवी परिस्थिती आली आहे, आणि ती या सगळ्या युक्तिवादाची कसोटी ठरते. 2023 मध्ये आलेल्या ‘बाल्डर्स गेट 3’ या संगणकी खेळाने पाचव्या आवृत्तीचे नियम अशा लाखो लोकांपर्यंत नेले ज्यांनी कधी वीस बाजूंचा फासा हातात धरला नव्हता. तिथे लढाईतले दोन्ही प्रकारचे फासे यंत्रच टाकते. आगीचा बाण निवडा किंवा होल्ड पर्सन निवडा, शत्रूवर खूण नेली की पडद्यावर यशाची टक्केवारी दिसते, आणि दोन पद्धतींतला फरक पुसला जातो. हात नसला की त्या एकच आहेत, हे हिशेबवाल्यांचे म्हणणे तिथे खरे ठरते. त्यातच त्या खेळात अपयशांची लांब माळ लागू नये म्हणून यंत्र फाशांना किंचित सावरून घेते, आणि ती सोय मुळातच चालू असते. पण याच खेळात संवादांतले निर्णायक क्षण मात्र यंत्रावर सोपवलेले नाहीत. तिथे कथा थांबते, पडदाभर वीस बाजूंचा फासा येतो आणि खेळणाऱ्याने स्वतः कळ दाबल्याशिवाय तो घरंगळत नाही.